उभी चीर

पाचव्या गोळीचा आवाज मला आवडला नाही. पहिल्या चार खणखणीत होत्या. समोरच्या डोंगराला जाऊन लागल्या आणि परत येऊन कानात बसल्या. पाचवी फसकली. आवाज झाला, पण त्याच्या पोटात एक बारीक फुस्स होतं, कुकरची रिंग जुनी झाली की शिटीआधी ऐकू येतं तसं. पेणच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याला, शस्त्रागाराला लागूनच, आमच्या दलाचं फायरिंगचं मैदान आहे, तिथं जांभळीखाली खुर्ची टाकून मी बसलो होतो. मी आर्मरर, म्हणजे दलाच्या रायफली तपासणारा आणि दुरुस्त करणारा. डॅनियल अष्टमकर, वय सत्तावन्न, राहणार रोहा, नोकरीचं एक वर्ष शिल्लक. फायरिंगच्या दिवशी मला काम असं नसतं, फक्त ऐकायचं असतं. तीस वर्षं मी रायफली कानानं ओळखत आलोय आणि ही गोष्ट मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगतो, हेही मला ठाऊक आहे. तर फुस्स झालं, आणि मी खुर्चीतून उठायच्या आत सुरभीनं रायफल खाली ठेवून गालाला हात लावला. सुरभी आमच्या तुकडीतली सगळ्यात चांगली नेमबाज, जोहे गावची पोरगी. "काय नाय सर, गरम फुंकर आली फक्त," ती म्हणाली आणि हसली. मी तिच्या मागं लागून लावायला लावलेल्या चष्म्याच्या काचेवर काळे ठिपके उडाले होते. गालावर तिळाएवढे तीन-चार लाल डाग. चष्मा नसता तर, इथपर्यंत माझं मन आलं आणि तिथंच फतकल मारून बसलं.

गवतातून तिनं पुंगळी शोधून आणली. पितळेची रिकामी पुंगळी, अजून कोमट. "फुटलीय सर. आणि या दोन पण, मघाच्या." तिन्ही तिच्या तळव्यावर होत्या आणि मी काय केलं, तर खिशातून रुमाल काढला, दुसरीकडे बघत त्या तिन्ही रुमालात घेतल्या, गाठ मारली आणि खिशात टाकल्या. बघितलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पितळ आणि पोलाद भिंगाखाली धरलं, त्यानं फुटलेली पुंगळी समोर आल्यावर बघितलं नाही. आमच्या प्रमुख म्हात्रे मॅडम चालत आल्या, सुरभीचा गाल निरखला, औषध लावायला पाठवलं, आणि मला म्हणाल्या, "अष्टमकर, उद्या सकाळी दहापर्यंत कारण लेखी द्या. तोवर फायरिंग बंद." मी म्हटलं, "भिंग घरी आहे मॅडम. घरी नेऊन नीट तपासतो." त्यांनी मान हलवली, नोंदवहीत माझी सही घेतली. भिंग शस्त्रागारातल्या माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होतं. मी खोटं बोललो आणि इतक्या सहज बोललो की मलाच गंमत वाटली.

न बघण्याचं कारण साधं होतं. पुंगळी कुठं फुटली, यावर सगळं अवलंबून असतं. गोळी उडते तेव्हा पुंगळी आतल्या दाबानं फुगते आणि रायफलीच्या आतल्या घरात चपखल बसते. तिच्या बुडामागं नेमकी किती जागा राहावी हे ठरलेलं असतं. त्याला आम्ही हेडस्पेस म्हणतो. ती जागा केसभर जास्त झाली की पुंगळी मागं ताणली जाते आणि बुडाजवळ आडवी, गोल, बांगडीसारखी चीर पडते. ती दिसली की समजायचं, रायफल चुकली. आणि रायफल चुकली म्हणजे ती जागा बसवणारा चुकला. सुरभीच्या रायफलीची ती जागा मे महिन्यात मी बसवली होती. एक पोलादी तुकडा असतो, बोटाच्या पेराएवढा. जुना झिजला होता, नवा मी माझ्या हातांनी बसवला, गेज, म्हणजे मापाचा ठोकळा, लावून तपासला, आणि वहीत "ठीक" लिहिलं. तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण गेज आत सरकवताना पोलादावर पोलाद वाजत होतं. टिक टिक टिक. खोलीत घड्याळ नव्हतं. माझा उजवा हात थरथरत होता.

फेब्रुवारीपासून थरथरतो. आधी वाटलं थंडी, मग वाटलं चहा जास्त झाला, मग मी वाटणंच बंद केलं. लोकांत चहा घ्यायचा सोडला, कारण बशी बोलते. सह्या बसून करायला लागलो, टेबलावर मनगट दाबून. अहवाल ऑफिसातल्या पोराला सांगून टाइप करून घ्यायला लागलो आणि वर म्हणायचो, "आता काय, कॉम्प्युटरचा जमाना." गोळ्या मॅगझिनमध्ये भरणं, डबे उघडणं, वाटणं, हे सगळं माझ्या मदतनीसाकडे, कान्हूकडे सोपवलं आणि त्याला असं भासवलं की मी त्याला तयार करतोय. घरी सिपोरासमोर मी उजवा हात खिशात ठेवून फिरायचो. ती एकदा म्हणाली, "साहेबासारखा काय चालतोस घरात?" मी म्हटलं, साहेबच आहे. लपवण्यात माणूस किती हुशार होतो! भावाचा, जोसेफचा, इस्राएलहून फोन यायचा तेव्हा मी फोन उशीला टेकवून ठेवायचो, म्हणजे चित्र हलणार नाही. एकीकडे मला याची लाज वाटायची आणि दुसरीकडे, खरं सांगतो, जमतंय याचा अभिमान वाटायचा. पण मे महिन्यातली ती टिक टिक मी कोणाच्याही नकळत आत ठेवून दिली होती आणि आज ती खिशात रुमालाच्या गाठीत येऊन बसली होती.

स्कूटर काढली. ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही बाजूंना भात पिवळा होऊन वाकलेला, कुठं कापणी लागलेली, बांधावर बायका भाकरी सोडून बसलेल्या. एरवी हा रस्ता मला आवडतो. पेण ते रोहा माझं निम्मं आयुष्य आहे. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला खिशातल्या पुंगळ्या एकमेकींवर आपटत होत्या आणि मी मनात राजीनामा लिहीत होतो. प्रकृतीच्या कारणास्तव. नाही, ते खोटं. माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे. हे लिहिताना मनातल्या अक्षरांनाही थरथर होती. मग सुरभीच्या आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव. मग पुन्हा राजीनामा. माणसाचं डोकं अशा वेळी एकाच गल्लीत येरझाऱ्या घालतं आणि त्याला वाटतं आपण फार लांब आलो. मी वडखळलाच पोहोचलो होतो.

वडखळच्या नाक्यावर नेहमीप्रमाणे सगळं अडलं होतं. एक कंटेनर अलिबागच्या रस्त्याला वळताना आडवा झाला होता, मागं ट्रक, धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टची बस, अलिबागला निघालेल्या मुंबईच्या गाड्या, आणि मध्ये हात हलवणारा एक पोलीस, ज्याच्याकडे कोणीही बघत नव्हतं. मी स्कूटर बंद केली. पाय जमिनीला टेकवले. आणि काही करायला नसलं की करतो तसा हात खिशात घातला. रुमालाची गाठ सुटली होती. बोटांना पितळ लागलं, आता गार झालेलं.

आणि मला शिकाऊ असतानाचे दिवस आठवले, अगदी अवचित. आम्हाला डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलायला लावायचे. पंचवीस पोरं, एक लांब टेबल, बंदुकीच्या तेलाचा वास, आणि काळोख. आमचे उस्ताद मागून फिरत म्हणायचे, "डोळे खोटं बोलतात बेटा, बोटं नाय बोलत." माझी बोटं सगळ्यांत आधी संपवायची. स्प्रिंग कुठली, पिन कुठली, कुठल्या कडेला कणाएवढा खरखरीतपणा आहे, सगळं सांगायची. एकदा उस्तादांनी मुद्दाम एक झिजलेली पिन घालून ठेवली होती. मी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी ती बाजूला काढून ठेवली आणि पुढं गेलो. पट्टी सोडल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली. ती मला अजून जाणवते, डाव्या खांद्याच्या थोडी खाली. त्या वेळी मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं होतं, आपल्याला आता जगात कशाचीच भीती नाही.

तर वडखळच्या नाक्यावर, कंटेनरच्या भोंग्यात, माझ्या अंगठ्याचं नख पहिल्या पुंगळीच्या बुडाशी गेलं. मला विचारून गेलं नाही. गोल फिरलं. गुळगुळीत. पुन्हा फिरलं. गुळगुळीत. नख वर चढलं, पोटावरून, खांद्यावरून, गळ्याशी आलं, आणि तिथं अडकलं. एक धारदार, बारीक ओठ. तोंडापासून खाली, सरळ. उभी चीर. दुसरी पुंगळी: बूड गुळगुळीत, गळ्याला उभी चीर. तिसरीत तर नख आतच गेलं. तिन्ही उभ्या. बुडाशी एकीलाही काही नाही. हेडस्पेस नव्हे! रायफल नव्हे! पितळ स्वतःहून फुटलं होतं, गळ्याशी, जिथं ते सगळ्यात पातळ आणि ताणलेलं असतं. मे महिन्यातली टिक टिक म्हणजे नुसता आवाज होता. पोलाद जागच्या जागी बसलं होतं. आणि हे मला सांगितलं कोणी, तर याच हातानं, ज्याच्यावर मी आठ महिने आळ घेत होतो. थरथरत सांगितलं, पण बरोबर सांगितलं.

मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं हसलो. शेजारच्या ट्रकवाल्यानं वाकून बघितलं. स्कूटर कडेला लावली आणि टपरीवर जाऊन म्हटलं, "एक चहा, मोठा." काचेचा ग्लास उजव्या हातात घेतला. तो हलला, चहा सांडला, पँटवर डाग पडला, टपरीवाल्यानं फडकं पुढं केलं. मी उभ्या-उभ्या उरलेला चहा प्यायलो, सगळ्या जगासमोर. इतका गोड चहा मी बऱ्याच महिन्यांत प्यायलो नव्हतो. मला समोरचा आडवा कंटेनर आवडला, हात हलवणारा पोलीस आवडला, त्याला जाऊन सांगावंसं वाटलं की तुमचं बरोबर चाललंय. आनंद झाला म्हणजे काय झालं हे मला नीट सांगता येत नाही. छातीवरचं कोणीतरी उठून गेलं आणि जाताना दार उघडं टाकून गेलं, वारा आत आला, एवढं म्हणता येईल.

ग्लास ठेवता ठेवता माझ्यातला आर्मरर जागा झाला. पितळ स्वतःहून फुटलं, ठीक, पण का? गोळ्या जुन्या नव्हत्या. पितळ आपोआप ठिसूळ होत नाही, त्याला कोणीतरी त्रास द्यावा लागतो. आणि पुन्हा उस्ताद आठवले. ते सांगायचे, जुन्या काळी पावसाळ्यात घोडदळाच्या तबेल्याशेजारी दारूगोळा ठेवायचे आणि काडतुसं पडल्या-पडल्या फुटायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत मिसळायचा आणि ताणलेल्या पितळेला चिरत जायचा. आम्ही पोरं खिदळलो होतो. आता आमच्याकडे घोडा कुठला! मग अमोनिया कुठून आला? मी स्कूटर वळवली. रोह्याकडे तोंड करून अडकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कडेनं, उलट्या दिशेला, एकटाच मोकळ्या रस्त्यावरून पेणला निघालो.

शस्त्रागारात कान्हू एकटा होता, स्टुलावर बसून पट्ट्याचं बक्कल घासत. कान्हू माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पेणजवळच्या वाशीकडच्या गावातला, घरी भातशेती, कमी बोलणारा. "डॅनियलदादा, तुम्ही तं घरी गेलेले ना?" मी म्हटलं, सरावाचा डबा उघड. त्यानं उघडला. आणि मला वास आला. उग्र, नाकात चढणारा. रोह्यात वारा फिरला की धाटावहून कधीकधी येतो त्याच्या भाऊबंदातला. गोळ्या रांगेनं पडल्या होत्या आणि चमकत होत्या, नवरीकडच्या भांड्यांसारख्या. मी एक उचलली, खणातलं भिंग काढलं, गळ्याशी धरलं. केसाएवढी रेघ. न उडालेल्या गोळीलाच. मग सीलबंद डबा फोडला, त्यातल्या गोळ्या मळकट, हिरवट, आणि एकीलाही रेघ नाही. मी वळून कान्हूच्या हातातल्या डबीकडे बघितलं. पितळेचं पॉलिश. बक्कल, बिल्ले, बटणं यांना आम्ही वर्षानुवर्षं लावतो तेच. परेडच्या आदल्या दिवशी अख्ख्या दलाला त्याचा वास येतो. त्यात अमोनिया असतो, हे मला माहीत होतं. कान्हूला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

"कान्हू, गोळ्यांना हे लावलंस?"

"व्हय. गणपतीनंतर. पार हिरव्या पडलेल्या, दादा. महिनाभर घासत होतो, तुम्ही जेवायला गेलात का."

"पण कशाला?"

तो बक्कल फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "तपासणी व्हती ना. ते वरचे सायेब येतात, एक डाग दिसला तं तुमच्या नावानं शेरा मारतात. तुमचा हात हा असा. म्हटलं, निदान आपल्याकडचं सगलं लखलखीत पाहिजे. कोणाला बोलायला जागा नको."

"माझा हात कसा?"

"हलतो तो. फेब्रुवारीपासून." त्यानं हे असं सांगितलं जसं कोणी सांगावं की आज गुरुवार आहे.

मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसलो. मला रागवायचं होतं, कारण सुरभीचा डोळा जाता जाता वाचला होता. आणि मला त्याला मिठी मारायची होती, कारण एक माणूस महिनाभर रोज दुपारी, भाकरी खायची सोडून, माझी अब्रू राखायला एकेक गोळी घासत बसला होता. दोन्ही झालं नाही. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, घोडे, तबेला, अमोनिया. कान्हूचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या पोरीला माझ्यामुलं झालं?" तो डबीचं झाकण लावू लागला आणि ते त्याला लागेना. मी म्हटलं, "नाही. ऐक. मी हात लपवला नसता, तर डबा मीच उघडला असता आणि वास मला तेव्हाच आला असता. तुला कधी शिकवलंच नाही, नुसतं शिकवतोय असं दाखवत होतो." हे बोललो आणि लक्षात आलं की हे खरं आहे. सकाळपासून मी ज्या चुकीला घाबरत होतो ती नव्हती. चूक होती, पण वेगळीच, आणि ती सुधारता येण्यासारखी होती. यापेक्षा चांगली बातमी माणसाला काय हवी?

ऑफिसातलं पोरगं टाइप करायला बसलं होतं. मी म्हटलं, राहू दे, कागद दे. कोरा कागद, निळं पेन. मनगट दाबून धरलं नाही. लिहिलं: पुंगळ्या गळ्याशी उभ्या फुटल्या. रायफली निर्दोष. कारण, गोळ्यांना लावलेलं पितळेचं पॉलिश. हा डबा नष्ट करावा, बाकी सीलबंद साठा चांगला आहे. पॉलिश लावू नये ही सूचना देणं आर्मररचं काम होतं, ती दिली गेली नाही. जबाबदार, डॅनियल अष्टमकर. अक्षरं पेणच्या रस्त्यासारखी गेली होती. मला ती बघून लाज वाटली नाही. मी कागद फुंकला, घडी न घालता हातात धरला आणि मॅडमच्या खोलीत गेलो. कागद हातात सळसळत होता.

म्हात्रे मॅडमनी दोनदा वाचलं. त्यांनी रायफली गेज लावून पुन्हा तपासायला सांगितल्या, आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "तपासतो, पण गेज सुरभीच्या हातात देतो. मी शेजारी उभा राहीन. माझा हात थरथरतो, मॅडम. आठ महिने झाले." त्यांनी चष्मा काढला. "अष्टमकर, कधी सांगताय याची वाट बघत होते मी. पोरांनी तर तुमचं नाव न घेता तुमच्या टेबलाला रबराची चटई लावली, हत्यारं वाजू नयेत म्हणून. तुम्हाला वाटलं ती ऑफिसनं दिली?" मला खरंच वाटलं होतं ऑफिसनं दिली. "सोमवारी डॉक्टरकडे जा. आणि कान्हूचा विषय माझ्यापुरता इथं संपला, पण त्याला आणि सुरभीला दोघांनाही आता खरं शिकवा." गेज सुरभीनं लावलं, गालाला मलम फासून. लहान मापाचं आत गेलं, मोठ्या मापाचं गेलं नाही, म्हणजे जागा अगदी नेमकी. तिनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, "सर, तुमचा हात हलतो तरी एवढं परफेक्ट?" कान्हूनं तिच्या डोक्यात टपली मारली.

बाहेर येऊन जांभळीखाली मी सिपोराला फोन लावला. पाच वाजत आले होते, ऊन तिरकं झालं होतं. "सिपोरा, तुला एक सांगायचंय," मी म्हटलं, आणि थांबलो, कारण तीस वर्षांच्या संसारात कुठली गोष्ट कशी सुरू करायची हे मला अजून कळत नाही. "माझ्या हाताबद्दल." पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"थरथरतो ते?"

"तुला माहीत होतं?"

"डॅनियल, मी तुझ्या शेजारी झोपते." ती हसत होती की रडत होती, मला कळेना. "एलियाहू हन्नबीला मलिदा बोललेय मी. मार्च महिन्यात बोलले."

एलियाहू हन्नबी म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंचा नवसाला पावणारा प्रेषित, आणि मलिदा म्हणजे आमच्यात भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वेलची, वर फळं; मनातलं पुरं झालं की आभार मानून सगळ्यांना वाटायचा. मी म्हटलं, "अगं, पण हात बरा नाही झाला. मग नवस कसा फिटला?"

"हात बरा होण्याचा नव्हताच बोलले," सिपोरा म्हणाली. "तू आपल्या तोंडानं मला सांगशील, त्याचा बोलले होते. किती माणसांचे पोहे भिजवू?"

मी आत बघितलं. कान्हू आणि सुरभी गेजवर डोकं लावून भांडत होते.

"जास्त भिजव," मी म्हटलं. "मी माणसं घेऊन येतोय."